प्रत्येक मडक्याला कान

आधीच सांगून ठेवतो — या ग्रुपवर मी तीन वर्षं आहे, पण फक्त वाचायला. खरं सांगायचं तर हसायला. कुणाच्या गाडीमागे पांढरी साडी धावते, कुणाला घाटात लिफ्ट मागणारा माणूस भेटतो आणि पुढच्या वळणावर गायब होतो... हे सगळं मी जेवताना बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं पोटभर टिंगल करायचो. आज मीच इथे लिहायला बसलोय म्हटल्यावर ती स्वयंपाकघरात खुसखुसतेय. हसू दे. त्या दिवशी ती माझ्या शेजारीच होती आणि जे झालं त्यातलं निम्मं तिच्यामुळेच झालं.

आणखी एक. घाबरायच्या तयारीने वाचत असाल तर निराश व्हाल. यात अमावास्या नाही, पिंपळ नाही, बंद पडलेली गाडी नाही. सकाळचे साडेदहा-अकरा, लख्ख ऊन, अंगणात कोंबड्या, आणि मडकं विकत घ्यायला आलेलं सांगलीचं एक मध्यमवयीन जोडपं. बस्स.

मी तबला शिकवतो. तीस वर्षं झाली. या कामात माणसाला एक खोड लागते — कानावर पडेल ते मोजत सुटायचं. मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांचं घोरणं, काही म्हणजे काही सोडवत नाही. बोटं आपोआप चालतात. एकदा बँकेत काउंटरवर ठेका धरला म्हणून कॅशिअर माझ्यावर खेकसला होता. मंजूने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तेव्हापासून माझ्यासोबत बँकेत यायचं सोडलंय.

तर गेल्या डिसेंबरात आम्ही रत्नागिरीला गेलो. मांडवीला एका घरगुती ठिकाणी उतरलो होतो. तिथल्या काकूंनी पहिल्याच दुपारी मातीच्या मडक्यात बांगड्याचं तिखलं केलं. मंजूने पहिला घास घेतला आणि तिथेच जाहीर केलं की असलं मडकं घेतल्याशिवाय आपण सांगलीला परत जाणार नाही. मी म्हटलं, घेऊ की. त्यात काय!

काकूंनी पत्ता दिला. आरे-वारेच्या रस्त्याला लागायचं, मग एका फाट्याने आत. "कुंभारीण हाय एक," काकू म्हणाल्या. "चाकावर करून पण दाखवते, हल्ली पावणे जातात बघायला. पण मडका घेताना वाजवून घ्या हां. तिच्या सासऱ्याच्या हातचा वीस वर्षं चुलीवर हाय माझा. तिचे मातर तडकतात."

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून गेलो. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी. दारात रंगवलेली पाटी — 'मातीकाम बघा, करा, घेऊन जा'. आत शिरल्यावर डाव्या हाताला सगळा बाहेरून ट्रकने आलेला माल : चकचकीत कारंजी, हसरे बुद्ध, सोनेरी रंगाचे हत्ती. आणि उजव्या हाताला बाईंनी स्वतः केलेली भांडी.

ती बघून मी थबकलोच. प्रत्येक भांड्याला कान होते! कपाला असतो तसा कान समजू शकतो. पण इथे कालवणाच्या मडक्यांना दोन-दोन कान, पाण्याच्या माठाला चार, दह्याच्या बुडकुल्याला — हे एवढंसं गोल भांडं — त्याच्यापेक्षा मोठा कान. एका पणतीलासुद्धा होता. आणि जसजसं मागच्या फळीकडून पुढे यावं तसतसे कान मोठे होत गेलेले. सगळ्यात पुढच्या मडक्याचे कान तर गणपतीला शोभले असते.

"वहिनी," मी न राहवून विचारलं, "ही मडकी ऐकतात की काय?"

मंजूने मला कोपराने ढोसलं. पण बाई दिलखुलास हसल्या. चाळिशीच्या असतील, कोपरापर्यंत हात मातीने भरलेले. म्हणाल्या, "हसू नका वो दादा. ह्या कानांपायी माजा जीव जायची येळ आलीय. ते बगा, ते बसलेत ना, त्यांना इचारा."

पडवीच्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरे केस नीट विंचरलेले, अंगात धुतलेला सदरा. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला, आणि चेहऱ्याचीही उजवी बाजू जरा ओघळलेली. डोळे मात्र असे तल्लख, की मी चप्पल वाकडी काढली तीही त्यांनी टिपली.

ते बाईंचे सासरे. बाई त्यांना मामंजी म्हणत होत्या. उभी हयात कालवणाची मडकी घडवलेला माणूस. बाईंचे यजमान मुंबईला नोकरीत, त्यांना मातीची आवड नाही. सून मात्र हौसेने चाकावर बसली, म्हाताऱ्यांनी तिला चाक शिकवलं. आता शेवटचं आणि सगळ्यात कठीण काम शिकवायचं, तेवढ्यात दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली.

"येकच सबूद येतो तोंडातून," बाई म्हणाल्या. "कान. मी मडका घेऊन बसले का वराडतात — कान! मी म्हटला, बरोबर हाय, गरम मडका उतरवायला कान लागतो, बायकांना पायजे असेल. लावले कान. तरी आपला, कान! मोठे लावले. तरी कान! आता आनि किती मोठे लावू, तुमीच सांगा!"

मंजू हसून हसून भिंतीला टेकली. मलाही हसू आवरेना. पण बाई पुढे बोलल्या तेव्हा हसू ओसरलं. कान लावून काही उपयोग नव्हता, कारण खाली बूडच टिकत नव्हतं. लागोपाठ भट्ट्या लावल्या आणि प्रत्येक वेळी निम्म्याच्यावर मडकी बुडाशी तडकून निघाली. पुढच्या आठवड्यात आणखी एक भट्टी लावायची होती. ती गेली तर चाक बंद. यजमानांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं — बाहेरचा माल आणू, विकू, उगाच ऊर फोडून काम करू नकोस.

"मी करीन वो, मला काय," बाई हळूच म्हणाल्या. "बुद्ध पुसून ठेवायचे. पन ते बगा ना, मामंजी त्या बाजूला तोंड पन करत नायत." म्हातारे खरंच त्या चकचकीत मालाकडे पाठ करून बसले होते. मला वाईट वाटलं.

आता मुद्द्यावर येतो. हे सगळं बोलणं चालू असताना घरामागून आवाज येत होता. आम्ही आलो तेव्हापासून येत होता. ओल्या मातीवर लाकूड पडल्यासारखा — धप, धप, धप, मग एक हलका टक, मग काहीच नाही, मग पुन्हा धप, धप. माझी बोटं केव्हाच चालू झाली होती, फळीच्या कडेवर. सात मात्रा. पण रूपक ताल नव्हे. पाचवी मात्रा चक्क रिकामी. आणि ती रिकामी जागा इतकी चोख यायची, की वाटलं, जो कोण मागे बसलाय त्याला जाऊन नमस्कार करावा. माझ्या विद्यार्थ्यांना एवढी स्वच्छ रिकामी मात्रा दहा वर्षांत जमलेली नाही.

मी सहज म्हटलं, "मागे काम करतायत त्यांचा हात फार तयार आहे हो."

"मागं? मागं कोन नाय," बाई म्हणाल्या. "मीच काय ती येकटी."

"अहो, आता वाजतंय की!"

बाईंनी ऐकून बघितलं. मंजूने ऐकून बघितलं. दोघींनी एकमेकींकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. मंजू म्हणाली, "मला कोंबडी ऐकू येतेय. तू कोंबडीचा ताल मोजतोयस का?"

मी उठून मागे गेलो. एक उघडी शेड, अर्धवट सुकलेली मडकी उपडी घातलेली, त्यापलीकडे भट्टी. माणूस नाही. शेडमध्ये पाय ठेवला आणि आवाज थांबला. खांबाला लाकडी थापी लटकत होती, तिच्यावर कोळ्याने ताजं जाळं विणलेलं. परत पडवीत आलो — धप, धप, धप, टक... अगदी स्पष्ट! भीती म्हणाल तर अजिबात वाटली नाही. चिडलो होतो. हे म्हणजे कुणी तरी आपली फिरकी घेतंय असं वाटत होतं. मी मोबाईल काढला, रेकॉर्डिंग लावलं आणि मिनिटभर हात वर धरून उभा राहिलो. नंतर ऐकलं तर त्यात मंजूचा आवाज, "याला झाकण मिळेल का हो?" आणि कोंबडी. दुसरं काही म्हणजे काही नाही.

मग मी हट्टालाच पेटलो. "हे बघा, असं वाजतंय," म्हणून फळीवर तळव्याने वाजवून दाखवलं आणि सवयीने तोंडाने बोलही म्हटले — धा धा धा ती, पाचव्याला फक्त हात उचलला, धा धा.

खुर्ची करकरली. म्हातारे पुढे झुकले होते. त्यांचा डावा हात, जो आम्ही आल्यापासून मांडीवर निवांत होता, तो माझ्याबरोबर गुडघ्यावर पडत होता. तीन जड, एक हलका, आणि पाचव्याला हात हवेत! मी लय वाढवली, ते वाढले. मी मुद्दाम थांबलो, ते थांबले नाहीत. आणि मग सगळं अंग गदागदा हलवत ओरडले, "कान! कान!"

"लावलेत वो मामंजी, हे बगा!" बाईंनी घाईघाईने ते गणपतीच्या कानांचं मडकं त्यांच्यापुढे धरलं. म्हाताऱ्यांनी डोळेच मिटून घेतले.

आणि इथे आमच्या सौभाग्यवती बोलल्या. हातात झाकण तसंच धरून म्हणाल्या, "अहो वहिनी, थांबा जरा. आमच्याकडे हे रोज संध्याकाळी पोरांवर ओरडत असतात. हाताकडे काय बघतोस, कान दे, कान दे! तीस वर्षं मी आतल्या खोलीतून ऐकतेय. त्यांना मडक्याला कान नको असतील. तुम्ही कान द्यायला हवा असेल."

म्हाताऱ्यांनी डोळे उघडले. चेहऱ्याची जी बाजू हलत होती ती आधी थरथरली, मग हसली आणि मग तिच्यावरून घळाघळा पाणी यायला लागलं. "कान," ते म्हणाले. या वेळी ओरडून नव्हे, सुटल्यासारखं. आणि हातातलं मडकं खाली ठेवून बाई त्यांच्या पायाशी मटकन बसल्या.

"दोन वरसं," त्या म्हणत होत्या, "दोन वरसं मी कान लावतेय... आनि तुमी बोलताव ऐक म्हनून!" त्या रडतही होत्या आणि हसतही होत्या. मंजूही डोळे पुसत होती. मी आपला बावळटासारखा फळीवर हात ठेवून उभा.

पुढचा तासभर मी कधी विसरणार नाही. बाईंनी मागून एक अर्धवट सुकलेलं मडकं आणलं, ती थापी झटकून आणली. काम असं असतं — चाकावर मडकं जाड ठेवायचं, जरा सुकू द्यायचं, मग आतून गोल दगडाचा आधार देऊन बाहेरून थापीने ठोकत ठोकत त्याचं बूड पातळ आणि गोल करायचं. बाई मांडी घालून बसल्या, मी समोर बोल म्हणायला बसलो. म्हातारे खुर्चीतून गुडघ्यावर हात मारत होते. पहिल्यांदा बाई भराभर ठोकत सुटल्या. म्हाताऱ्यांनी "अं!" केलं. पुन्हा सुरू. पाचव्याला त्यांचा हात काही रिकामा राहीना.

"त्या येळेला करू काय पन?" बाई वैतागल्या. "नुसता हात वर धरून बसू?"

मला तरी काय माहीत! मी फक्त ऐकू येतं ते म्हणत होतो. म्हाताऱ्यांनी डावा हात वर केला, बोटांची चिमूट केली आणि खाली सोडली. बाईंनी चमकून शेजारच्या परातीकडे बघितलं. परातीत राख होती.

थापी ओल्या मातीला चिकटू नये म्हणून तिला राख लावतात. बाई लावायच्या, पण चिकटायला लागली की मग. मामंजींच्या हातात ती तालातच होती — दर पाचव्याला थापी राखेला टेकवायची आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने मडकं बोटभर फिरवायचं. थापी एकदा जरी चिकटून सुटली तरी माती ओढली जाते. ते डोळ्यांना दिसत नाही, भट्टीत दिसतं. हे सगळं मला बाईंनीच नंतर सांगितलं. त्या क्षणी त्या फक्त "आई शपत!" म्हणाल्या आणि ठोकायला लागल्या.

धप, धप, धप, टक, राख, धप, धप. तीन-चार आवर्तनं अडखळली. मग हात बसला. मागून येणारा आवाज मला अजून येतच होता, बाईंचा समोरून येत होता, आणि दोन्हींत केसाएवढा फरक होता — दोन तबले जवळजवळ जुळलेले असावेत तसा. मी बोल म्हणायचं थांबवलं. बाई थांबल्या नाहीत. फरक कमी कमी होत गेला... आणि एका आवर्तनानंतर मला एकच आवाज ऐकू येत होता. समोरचा. मागे फक्त कोंबडी.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला तो तेव्हा. मंजूने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "जुळलं."

मडकं आम्ही घेतलंच. सगळ्यांत लहान कानांचं, वाजवून वगैरे. बाईंनी मंजूचा फोन नंबर घेतला. दहा-बारा दिवसांनी सांगलीत तिचा मोबाईल वाजला, पलीकडून बाई ओरडत होत्या — "ताई, भट्टी उघडली! दोनच फुटली, ती पन शेजाऱ्यांच्या बकरीनं पाडली!" मग फोटो आला. ओळीने मांडलेली मडकी, गोल, काळसर तांबडी. एकालाही कान नाही. मंजूने तो फोटो आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठवला, जणू तिचीच पोरं पास झाली होती.

आता तुम्ही विचाराल ते मी स्वतःला विचारून झालंय. कानांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. ते म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहेत. म्हाताऱ्यांचा डावा हात आधीच बारीकसा हलत असेल, तो मी नकळत बघितला असेन आणि आवाज माझ्या डोक्यात तयार झाला असेल — हे मला सगळ्यात पटण्यासारखं वाटलं होतं. पण मंजू ठाम आहे की मी वाजवेपर्यंत तो हात हलला नव्हता, आणि मंजू अशा बाबतीत चुकत नाही. मी आयुष्यात त्याआधी कुठल्या कुंभाराकडे गेलो नव्हतो. पाचवी मात्रा रिकामी का, हे मला राखेची परात बघेपर्यंत माहीत नव्हतं. दोन वर्षं त्या पडवीत कितीतरी पर्यटक येऊन गेले असतील. त्यांतल्या कुणाला ऐकू आलं असेल आणि त्यांनी सोडून दिलं असेल का, हाही एक प्रश्न आहे.

शेवटी ठरवलं, ज्यांना माहीत असेल त्यांनाच विचारायचं. एप्रिलमध्ये आंब्याच्या निमित्ताने पुन्हा गेलो. निघायच्या आधी मंजूने बाईंना फोनवर सांगूनही टाकलं, की ह्यांना मामंजींना काही विचारायचंय. वाटेत मी प्रश्नही तयार करून ठेवले, होय किंवा नाही एवढंच मान हलवून सांगता येईल असे. मामंजी, मागून येणारा तो ठेका तुमचा होता का? तुम्हालाही ऐकू येत होता का? मलाच मुद्दाम ऐकवलात का?

पोचलो तेव्हा दुपार होती. बुद्ध आणि हत्ती एका कोपऱ्यात सरकले होते. पडवीत बाई मडकं ठोकत बसल्या होत्या. आम्हाला बघून तोंडभर हसल्या, पण हात थांबला नाही. मी पायरीवर बसून कान दिला. बाईंचाच ठेका, बाकी कुठून काही नाही. सातच मात्रा, पण सहाव्याला त्यांनी स्वतःचं काहीतरी बारीक टाकलं होतं, आणि ते छान वाटत होतं.

खुर्ची रिकामी होती. मी पायरीवरून अर्धा उठलो. मग दिसले. थोड्या अंतरावर, चटईवर, भिंतीकडे तोंड करून म्हातारे झोपले होते. त्या एवढ्या धपाधपीत, तोंड उघडं टाकून, घोरत.

"आजारी पडल्यापासून दुपारचा डोळा मिटायचे नाय," बाई म्हणाल्या. "मी ठोकायला बसले का टक लावून बगत र्‍हायचे. आता मी थापी हातात घेतली, का ह्यांची झोप सुरू." त्यांनी थापी राखेला टेकवली. "तुमी काय इचारनार व्हताव ना त्यांना? उठवू?"

मी म्हटलं, "नको. झोपू दे."